‘जीव घाबरा होतो’ : आघात-परीक्षेच्या परिभाषेविषयी काही विचार

परिचर्याशास्त्राच्या अध्यापनात मराठीचा प्रश्न निघाला की तो बहुधा पारिभाषिक शब्दांच्या याद्यांपाशी येऊन थांबतो. इंग्रजी संज्ञेस संस्कृत प्रतिशब्द मिळाला म्हणजे कार्यभाग उरकला, असे एक पक्ष मानतो. पाठ्यपुस्तके इंग्रजीत, रुग्णालयातील नोंदी इंग्रजीत. मग मराठीचा हा खटाटोप हवाच कशाला, असे दुसरा पक्ष विचारतो. प्रस्तुत लेखकास हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. आणि अपघातग्रस्ताच्या प्राथमिक परीक्षेत हे अपुरेपण जितके ठळकपणे दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे गुण अपेक्षिले आहेत. रोग्याच्या गुणांत ‘ज्ञापकत्व’ हा एक गुण आहे. आपणास काय होते आहे हे सांगता येणे, असा त्याचा आशय. अपघातात नेमका हाच गुण प्रथम हरपतो. आधुनिक आघात-परीक्षेची सारी रचना म्हणजे ह्या हरपलेल्या ज्ञापकत्वाची भरपाई होय, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

ह्या रचनेचा इतिहास उद्बोधक आहे. 1976 साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर ह्या अस्थिशल्यचिकित्सकाचे विमान कोसळले; पत्नी मरण पावली, मुले जखमी झाली. स्थानिक रुग्णालयातील उपचारांत त्यांस कोणताच निश्चित क्रम दिसला नाही. त्या अनुभवातून 1978 मध्ये एक अभ्यासक्रम उभा राहिला आणि 1980 पासून अमेरिकन शल्यचिकित्सक महाविद्यालयाने तो स्वीकारला. श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्थेची अवस्था आणि सर्वांग उघडे करून तपासणी, हा त्याचा क्रम. जो बिघाड सर्वांत लवकर प्राण घेतो त्याकडे सर्वांत आधी पाहावे, हे त्यामागील तत्त्व. म्हणूनच अलीकडे धो धो वाहणारा बाह्य रक्तस्राव श्वासमार्गाच्याही आधी थांबवण्यावर भर दिला जातो. इंग्रजीत हा क्रम वर्णमालेच्या पहिल्या पाच अक्षरांवर बसवला असल्याने तो चटकन पाठ होतो. परंतु पाठ झालेली अक्षरे म्हणजे तत्त्वाचे आकलन नव्हे. अक्षरे खुशाल उसनी घ्यावीत. क्रमामागील कारण मात्र विद्यार्थिनीस तिच्या विचारांच्या भाषेतच उमगले पाहिजे. ते उमगले म्हणजे जखमीस उठवून पाणी पाजणाऱ्या गर्दीस ती नुसते ‘नको’ म्हणून थांबणार नाही. मंदावलेल्या शुद्धीत पाणी श्वासनलिकेत उतरू शकते आणि मानेच्या मणक्यास इजा असल्यास उठवण्याने ती वाढू शकते, हे ती दोन वाक्यांत सांगू शकेल.

आता शब्दांकडे वळू. मराठीत माणूस एक तर शुद्धीवर असतो, नाही तर बेशुद्ध. टीझडेल आणि जेनेट यांनी 1974 साली मांडलेली ग्लासगो मोजपट्टी हे द्वैत मोडते. डोळे उघडण्यास 4, बोलण्यास 5 आणि हालचालीस 6 असे कमाल गुण धरून 3 ते 15 अशी ती शुद्धीची पायरी ठरवते. 8 वा त्याहून कमी गुण म्हणजे डोक्याची तीव्र इजा. ‘बेशुद्ध’ ही एकच नोंद ह्या सर्व पायऱ्या पुसून टाकते. वस्तुतः मराठीस पायऱ्यांचे वावडे नाही. गुंगी, ग्लानी, भ्रम, बरळणे, कण्हणे हे शब्द घरोघरी आहेत. कोशकारांनी त्यांस गावंढळ समजून बाजूस सारले, तर तो दोष भाषेचा नव्हे.

‘शॉक’ ह्या शब्दाची गत याहून बिकट. शॉक विजेचा लागतो आणि धक्का मनाला बसतो, एवढेच नातेवाइकांस ठाऊक असते. ‘रुग्ण शॉकमध्ये आहे’ ह्या वाक्याने त्यांस तो घाबरला आहे असे वाटते. ‘अवसाद’ म्हणावे तर हिंदीत तो शब्द नैराश्याचा वाचक. ‘रक्त अंगभर पुरत नाही’ हे साधे वाक्य येथे कोणत्याही संज्ञेहून अधिक शास्त्रीय आहे.

मात्र खरी कसोटी ‘जीव घाबरा होतो’ ह्या उद्गाराची. रक्तस्रावाच्या आरंभी रक्तदाब पुष्कळदा टिकून असतो. नाडी जलद होते, त्वचा गार पडते आणि रुग्ण अस्वस्थ होतो. साधारणतः तीस टक्क्यांहून अधिक रक्त गेल्यावरच दाब स्पष्टपणे खाली येतो. तेव्हा जीव घाबरा होणे ही भीती नसून ते लक्षण असू शकते. ‘घाबरू नका’ हे आपले सवयीचे उत्तर प्रेमळ आहे. परंतु नाडीवर बोट न ठेवता ते दिले, तर अनुराग राहतो आणि दक्षता सुटते.

मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या दरम्यान असलेले नाहूर स्थानक डोळ्यांसमोर आणावे. फलाटावर पडलेला प्रवासी मराठी बोलेल, तसाच गुजराती, तमिळ वा भोजपुरीही बोलेल. परिचारिकेस न समजणारी, पण सुसंबद्ध भाषा जर ‘अनाकलनीय आवाज’ म्हणून नोंदली गेली, तर पाच गुणांच्या जागी दोन पडतील आणि शाबूत मेंदू जखमी ठरेल. उलट, खरोखरीच असंबद्ध बोलणे परभाषा समजून सोडून दिले, तर जखमी मेंदू शाबूत ठरेल. भाषेचे अज्ञान हा येथे थेट मोजमापातील दोष होतो.

यास्तव मराठी विभागांनी प्रतिशब्दांच्या याद्या वाढवण्याऐवजी रुग्णांचे उद्गार गोळा करावेत : ठणका, चमक, कळ, मुंग्या, भोवळ, अंधारी. प्रत्येक उद्गारापुढे तो ऐकताच कोठे पाहावे, कोठे हात लावावा हे परिचर्येच्या अध्यापिकांनी लिहावे. असा कोश विद्वत्तेच्या दृष्टीने किरकोळ ठरेल. परंतु ज्याचे ज्ञापकत्व हरपत चालले आहे त्याचा अखेरचा स्पष्ट शब्द वाया जाऊ नये, एवढे त्याने साधले तरी पुरे.