'लंकादहना'तील सीता

मुर्री-गोंदियाकडच्या झाडीपट्टीत दंडार पाहत वाढलेल्या माणसाला पुरुषाने नेसलेल्या लुगड्याचे नवल वाटत नाही. डोक्यावर पदर आला की तो गडी राणी होतो. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ सालच्या 'लंकादहन' या मूकपटाकडे मी याच नजरेने पाहिले. सीतेचे दंड पाहून हसू आले नाही. पण एक प्रश्न मनात राहिला.

राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या आहेत. ही करामत यंत्राची! रंगभूमीवर हे साधणे कठीण; कॅमेऱ्यापुढे वेष बदलला की झाले. त्यातून कथाही सोयीची, कारण लंकादहन होईतो नायक-नायिका एकमेकांपासून दूरच असतात. फाळक्यांनी हा हिशेब मुद्दाम केला असेल काय? मला तरी तसे वाटते.

'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी, १९१३ साली, स्त्रिया मिळाल्या नाहीत म्हणून उपाहारगृहातल्या साळुंक्यांना तारामती केले, ही हकीकत सर्वांना पाठ आहे. पण त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या. मग सीता पुन्हा पुरुषाकडे का गेली? १९१६ साली 'स्वयंवर' नाटकात बालगंधर्वांची रुक्मिणी पाहून तृप्त झालेल्या प्रेक्षकाला स्त्रीवाचून काही उणे भासत नव्हते, हेच खरे कारण असावे. यंत्र नवे होते, डोळे जुनेच होते. समीक्षकांनी या माघारीबद्दल फाळक्यांना फारच सहज माफ केले आहे.

दिवस महायुद्धाचे होते, हे मान्य. १९१४ साली आपले चित्रपट घेऊन फाळके लंडनला गेले; परत येतात तो युद्ध पेटलेले, भांडवल देणाऱ्यांनी हात आखडते घेतलेले. कच्ची फिल्म तर परदेशातूनच यायची. अशा अडचणीत जे मिळेल त्यावर भागवणे आले. पण अडचणीचा हा हिशेब मांडताना सरस्वतीबाई फाळके यांचे नाव का गळते? पहिल्या चित्रपटापासून या बाईंनी कोऱ्या फिल्मला भोके पाडली, रसायने कालवली, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडला, आणि सबंध मंडळींचा स्वयंपाकही केला. 'हरिश्चंद्रा'साठी त्यांचे दागिनेही गेले. म्हणजे यंत्राशी बाईचा हात लागलेला चालत होता. पडद्यावर तिचा चेहरा मात्र अडत होता!

'लंकादहन' आज पूर्ण उपलब्ध नाही. उरलेल्या तुकड्यात अशोकवनात बसलेली सीता दिसते, आणि झाडावर हनुमान. साळुंके मान खाली घालून बसतात, ते बसणे खरोखर सुरेख आहे. त्यांच्या तोंडावरच्या उजेडाकडे मात्र मी दुसऱ्यांदा पाहिले. तो कुणी धरला होता, हे फिल्मवर कुठेच लिहिलेले नाही.