कोड उघडा, फोन बंद
(कोयनानगर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय दिलाय 'ओपन सोर्स आणि आपला मोबाईल'. या विषयावर माणूस बोलायला लागला की थोड्या वेळात त्याचं कीर्तन होतं. मी गेली काही वर्षं ही सगळी साधनं फोनवर घालून, फोन बिघडवून, पुन्हा बसवून पाहतोय. त्यामुळे कौतुक भरपूर आहे, पण भक्ती नाही.

सुरुवात जिओफोनपासून करतो. २०१७ साली तो आला. त्यातली काय-ओएस कशावर उभी होती माहितीये? मोझिलाने बंद केलेल्या फायरफॉक्स ओएसच्या कोडवर. म्हणजे ओपन सोर्स कोड आपल्या वाड्यावस्त्यांपर्यंत, अगदी आजीच्या बटव्यापर्यंत पोहोचला. पण आजीच्या नातवाने एखादा प्रोग्राम लिहिला आणि त्या फोनात घालायचा म्हटला, तर तशी सोय ग्राहकाला दिलेली नव्हती. कोड मोकळा आणि फोन कुलुपात. माझा पहिला आक्षेप हाच आहे. 'यात ओपन सोर्स आहे' या वाक्याने ग्राहकाच्या हातात काहीच पडत नाही.

अँड्रॉइडचंही तेच. मूळ अँड्रॉइडचा कोड कुणीही वाचावा. पण त्याच्यावर बसलेल्या 'गूगल प्ले सर्व्हिसेस' बंद आहेत, आणि कामाच्या कितीतरी गोष्टी तिथेच आहेत. इथल्या माणसाला लागू पडेल असं एक उदाहरण देतो: भूकंपाचा इशारा. सप्टेंबर २०२३ मध्ये ही सेवा भारतात सुरू झाली. फोनमध्ये हालचाल मोजणारा बारीकसा सेन्सर असतो. एका भागातले पुष्कळ फोन एकदम हलले की सर्व्हर अंदाज बांधतो आणि पुढच्या लोकांना कळवतो. कल्पना उत्तम. पण हा इशारा ४.५ किंवा त्याहून मोठ्या धक्क्यांसाठी आहे. आपल्याला सवयीचे झालेले धक्के बहुतेक त्याच्या खालचे. आणि समजा मोठा आला, तरी केंद्र दहा किलोमीटरवर असेल तर जोराची लाट तीनेक सेकंदांत घरात पोहोचते. इशारा वाजायच्या आत मांडणीवरची भांडी वाजलेली असतात.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट ज्यांनी पाहिली, असे काही जण समोर बसलेत. त्यांना मी वेगळं काय सांगणार?

आता यात टीका कशावर? मर्यादेवर नाही. मर्यादा निसर्गाची आहे. टीका बंद पेटीवर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या ७.८ च्या भूकंपात या व्यवस्थेने धक्का फारच लहान धरला. सर्वांत गंभीर पातळीचा इशारा फक्त ४६९ गेले. गूगलच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ते स्वतःच मांडलं, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण मधली दोन वर्षं बाहेरच्या कुणाला ती पेटी उघडून बघता आली असती का? नाही.

उलट टोकाला 'फायफॉक्स' बघा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातलं, मोफत, कोड उघडा. तोच सेन्सर, पण आकडे तुमच्या हातात. फोन फरशीवर ठेवा, शेजारी उडी मारा, आलेख दिसतो. आकडे फाईलमध्ये निघतात. इंटरनेटही लागत नाही. शाळेत दाखवायला मला यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. मात्र शिक्षकांना हात जोडून सांगतो, याला भूकंपमापक म्हणू नका. फोनच्या सेन्सरची स्वतःचीच खरखर एवढी असते की बारीक धक्का त्यात बुडून जातो. कराडच्या प्रयोगशाळेने जमिनीत खोल विवरं उगाच घेतलेली नाहीत.

नकाशाचं सांगतो. खोऱ्यात रेंज नाही, त्यामुळे आधी उतरवून ठेवलेला नकाशा हवा. 'ऑसमँड' हे काम चोख करतो. पण त्याचे मेनू म्हणजे जुन्या वाड्यातले जिने, कुठून कुठे निघाल सांगता येत नाही! (हशा) 'स्ट्रीटकम्प्लीट' नावाचं दुसरं ॲप नकाशातल्या गाळलेल्या जागा भरायला छान आहे. फक्त ते विचारतं काय? पदपथ आहे का, सायकलचा वेगळा मार्ग आहे का. अहो, इथे पावसाळ्यात मुळात रस्ता राहतो का, हे विचारा की!

कीबोर्डवर थोडंच बोलतो. 'दऱ्या' लिहायचं आणि पडतं 'दर्या'. सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो. 'इंडिक कीबोर्ड'मधल्या इनस्क्रिप्ट मांडणीत 'ऱ' ला स्वतःची जागा आहे. शिवाय आपण टाईप करतो ते सगळं, पासवर्डसकट, कीबोर्डमधून जातं. निदान तेवढा तरी उघड्या कोडचा असावा.

आणि आता माझी चूक. मामांचा फोन जुना झाला होता, कंपनीने अपडेट बंद केले होते. मी उत्साहाने त्यावर 'लिनेजओएस' बसवलं. फोन नव्यासारखा पळायला लागला. दोन दिवसांनी मामा खताच्या दुकानात उभे, मागे रांग, आणि बँकेचं ॲप म्हणतंय की हा फोन सुरक्षित नाही. गंमत बघा, सुरक्षेचे नवे अपडेट असलेला फोन असुरक्षित, आणि कित्येक वर्षं अपडेट न मिळालेला चालतो! दोष बँकेच्या तपासणीच्या पद्धतीत आहे, हे मी मामांना समजावलं. मामा म्हणाले, "असेल बाबा. पण पैसे उधार ठेवावे लागले."

हे वाक्य आमच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी ऐकायला हवं. आम्ही स्वातंत्र्य सांगतो, त्याची किंमत दुसऱ्याच्या रांगेत वसूल होते. ज्याचा एकच फोन आहे आणि त्यावरच व्यवहार आहेत, त्याच्या फोनची मूळ प्रणाली बदलू नका, असं माझं आजचं मत आहे. पाच वर्षांपूर्वी मी याच्या उलट बोललो असतो.

पण वरची ॲप्स बदलता येतात, एफ-ड्रॉइडवरून. २०१० पासून हे भांडार चालू आहे, खातं उघडावं लागत नाही. तेही किती दिवस मोकळं राहील कोण जाणे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की यापुढे ॲप कुठूनही घ्या, ते बनवणाऱ्याने आपली ओळख गूगलकडे नोंदवलेली असली पाहिजे. एफ-ड्रॉइडने जोरदार विरोध केला, मग जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असं गूगल म्हणालं. फसव्या ॲपमुळे लोकांचे पैसे जातात, हे खरंच आहे. पण माझ्या गावच्या मुलाने माझ्यासाठी लिहिलेलं ॲप मी माझ्या फोनात घालायला परवानगी तिसऱ्याची का?

मामांच्या फोनवर मी परत कंपनीचीच प्रणाली घातली. त्यावर ऑसमँड आहे, ते वापरतात. कीबोर्ड मात्र त्यांनी काढून टाकला. बोलूनच मेसेज पाठवतात. आता प्रश्न घेऊया, आणि ज्यांना फोन दाखवायचेत त्यांनी आधी चार्ज करून आणा.