संगणकीय बुद्धिबळातील मूल्यांकनभेद : एक चिकित्सा

बुद्धिबळाच्या समालोचनात संगणकाचा आकडा अंतिम निवाड्यासारखा उद्धृत केला जातो. एकाच पटस्थितीला दोन प्रणालींनी भिन्न आकडे दिल्यास त्यांपैकी एक चुकली, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे.

क्लॉड शॅनन यांनी १९५० च्या निबंधात घोडा व उंट ३, हत्ती ५ आणि वजीर ९ प्याद्यांइतका मानला. स्टॉकफिशची जुनी रूपे याच परंपरेतील होत. २०१८ मध्ये आलेली लीला मात्र विजय, बरोबरी व पराभव यांची संभाव्यता वर्तविते. प्याद्यांतील आकडा त्यातून नंतर सूत्राने काढला जातो. एककेच भिन्न असता आकड्यांची थेट तुलना व्यर्थ ठरते. स्टॉकफिशनेही २०२० मध्ये न्यूरल नेटवर्क स्वीकारले. २०२२ पासून तिच्या ‘+१’ चा अर्थ स्वतःशी खेळताना विजयाची निम्मी शक्यता, असा आहे.

तथापि सर्वच भेद एककांचे नव्हेत. २०१७ मध्ये पेनरोज इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केलेल्या पटस्थितीत काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, तीन उंट. पांढऱ्याकडे केवळ राजा व चार प्यादी. तत्कालीन प्रणालींनी काळ्याला प्रचंड आघाडी दिली. वस्तुतः वजीर व हत्ती प्याद्यांत कोंडलेले, तिन्ही उंट काळ्या घरांचे. हत्ती मारण्याचा मोह टाळून पांढरा राजा पांढऱ्या घरांवर फिरत राहिला, तर पन्नास चालींच्या नियमाने डाव बरोबरीत सुटतो. येथे मोजणी अचूक होती. कोंडी मात्र मोजणीबाहेर राहिली. समालोचकाने आकड्यासोबत प्रणालीचे नाव, आवृत्ती व शोधाची खोली नोंदविणे म्हणूनच अपरिहार्य ठरते. बहुतेक समालोचनांत यांपैकी एकही आढळत नाही.