कथाबीज आणि चोरीचा आळ

दलित कथाकाराला कथा सुचते कुठून, या प्रश्नाची दोन उत्तरे तयार असतात. प्रस्थापित समीक्षक म्हणतो, प्रतिभेच्या स्फुरणातून. आपल्यातला कार्यकर्ता म्हणतो, भोगलेल्या आयुष्यातून. पहिले उत्तर मला मान्य नाही, कारण ते कथेला भाकरीपासून तोडते. पण दुसरेही अपुरे आहे. भोगणारे लाखो आहेत, कथाकार मोजके. अनुभव ही माती आहे. तीत बी कोणते पडले, ते पाहिले पाहिजे.

अण्णा भाऊ साठे वाटेगावहून मुंबईला आले, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. उपासमार त्यांना परकी नव्हती. पण ‘स्मशानातील सोनं’ ही केवळ उपासमारीची कथा नाही. भीमाची दगडाची खाण बंद पडते. मग तो मसणातल्या राखेत सोने शोधू लागतो, मढी उकरू लागतो. हात तेच, खणणेही तेच; जागा बदलली आणि कष्टकऱ्याचा चोर झाला. शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे तो गमावतो, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याचे कळते. खाण आणि मसणवटा शेजारी आणून ठेवण्यात या कथेचे बीज आहे. भीमाला चोर कोणी केले, हा प्रश्न कथेची रचनाच विचारते.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातील त्याच नावाची कथा पाहा. रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला आलेला तरुण खोली मिळावी म्हणून जात लपवतो. जात उघडी पडताच मार खातो. एवढेच असते तर वाचक हळहळला असता आणि विसरला असता. पण बागुलांनी ‘चोरली’ हे क्रियापद योजले. ज्याची माणुसकीच लुटली गेली, तोच चोर! आणि मार खाल्लेला नायक बोट दाखवतो ते मारणाऱ्यांकडे नव्हे, मनूकडे.

दोन्ही कथांत लेखकाने समाजाने दिलेला शब्द जसाच्या तसा स्वीकारलेला नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ‘पाणी बाटते’ या समजुतीलाच असे आव्हान दिले होते. आपल्या कथेचे मूळ मी तिथे शोधतो.

विद्यार्थी माझ्याकडे कथा आणून देतात. प्रसंग खरे असतात, भाषा वस्तीची असते. पण पुष्कळदा अपमानामागून अपमान येतो आणि कथा संपते. तिने पांढरपेशा वाचकाचे डोळे ओलावतात, झोप मात्र उडत नाही. या मित्रांना माझे सांगणे एवढेच: प्रसंग लिहिण्याआधी त्यातला एक शब्द पकडा. चोर, विटाळ, उपकार, सवलत. तो कोणी, कोणाला, कशासाठी लावला, हे विचारा. उत्तर शोधताना जी माणसे समोर येतील, त्यांची कथा लिहा.