कुरवाची ओळख आणि आपले ललित लेखन

पाण्यावर शुभ्र पक्ष्यांची रांग उतरते आणि लेखकाचे मन तिच्याबरोबर उडू लागते, असे वाक्य आपल्या ललित लेखनात सरोवर आले की हटकून भेटते. वाक्य वाईट नसते. पण पक्षी कोणता, हे लेखकाने कोणास विचारलेलेच नसते. बदलीच्या गावाहून लिहिणाऱ्या आमच्या बांधवांच्या लेखांतही हा दोष आम्हांस वरचेवर आढळतो. त्यास निव्वळ अज्ञान म्हणून सोडून देता येईल, असे आम्हांस वाटत नाही.

ओडिशातील चिलिका सरोवराचेच उदाहरण घेऊ. भुवनेश्वरास किंवा ब्रह्मपुरास नेमणूक झालेल्या मराठी गृहस्थास ते एका दिवसात पाहून येता येते. हिवाळ्यात तेथे कुरवांचे थवे असतात. त्यांत तपकिरी डोक्याचे पुष्कळ, काही काळ्या डोक्याचे. मौज अशी की, ही दोन्ही नावे उन्हाळ्यातील वेषावरून पडलेली आहेत. आपल्याकडे ते असतात तेव्हा दोघांचीही डोकी पांढरी. कानाच्या जागी शाई सांडावी तसा एक डाग तेवढा उरलेला. मग ओळखावे कसे? पक्षी उडेपर्यंत थांबावे लागते. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या काळ्या पंखटोकांत पांढरे ठिपके दिसतात, आणि डोळाही फिकट असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी असते. पहिल्या वर्षाच्या तपकिरी डोक्याच्या कुरवास मात्र ते ठिपके नसतात, आणि तेथे भलेभले फसतात.

आता दुर्मिळ पक्ष्याचे पाहा. पातळ चोचीचा कुरव हा मुख्यतः गुजरातच्या किनाऱ्यावर हिवाळा काढणारा. पूर्वेकडे तो क्वचितच. दुर्मिळ म्हणजे काही नटलेले-सजलेले असणार, अशी आपली समजूत असते. पण याच्या डोक्यावर तो कानाचा डागही जवळजवळ नसतो! लांबट चोच, उतरते कपाळ, आणि बाकी सारे कोरे. डाग असलेली शेकडो डोकी पाहून ज्याचा डोळा तयार झाला आहे, त्यासच हे कोरेपण दिसावयाचे.

एका माघातल्या सकाळी बालुगावच्या बाजूस आमच्या एका स्नेह्यांनी असा कोरा कुरव ‘पाहिला’. आम्ही दुर्बीण लावली; पक्ष्याने मान वळविली आणि डाग दिसला. स्नेही हिरमुसले. पुढे त्यांचा लेख छापून आला, त्यात तो पक्षी दुर्मिळच राहिला होता. वाक्य अधिक चांगले होत होते, एवढेच त्याचे कारण!

असे वाक्य किती महाग पडते, हे रानपिंगळ्याच्या कथेवरून कळते. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपणांस ठाऊक. पण सरकारी नोकरीत असताना 1872 मध्ये त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिविषयक नियतकालिक काढले आणि ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून टिपणे मागविली. कचेरीतल्या अहवालासारखे रूक्ष लेखन ते. पक्षी बंदुकीच्या नळीतून पाहिलेला, हा त्याचा मोठा दोष. तरी स्थळ, दिवस आणि मापे चोख. रानपिंगळ्याचे पहिले वर्णन ह्यूम यांनी तेथेच 1873 मध्ये केले. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी जुना नमुना संग्रहालयातून चोरून ‘1914, मांडवी’ अशी खोटी चिठ्ठी त्यास लावली. ती खरी मानली गेली, आणि शोध भलत्याच ठिकाणी होत राहिला. तिच्यावरचा विश्वास उडाल्यावर 1997 मध्ये शहाद्याजवळ तो पक्षी पुन्हा सापडला. खोट्या वाक्यात लालित्य असते तर ते आणखी टिकले असते, अशी आम्हांस भीती वाटते.

मग ललित लेखकाने अहवालच लिहावे काय? मारुती चितमपल्ली (1932–2025) यांचे लेखन त्यावर उत्तर आहे. वनखात्याची नोकरी करीत, रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करीत त्यांनी लिहिले; त्यांच्या पानावर पक्ष्यास आधी नाव मिळते, मग लेखकाचे मन येते. क्वचित ते मन अधिक वेळ रेंगाळते, हेही खरे. परंतु त्यांच्या वाचकास रानात जाऊन पडताळा घेता येतो. आमच्या स्नेह्यांच्या वाचकास तशी सोय नाही.

ज्यांची बदली तिकडे झाली असेल त्यांनी पौषात एकदा जावे आणि फाल्गुनात पुन्हा जावे. तोवर काही कुरवांची डोकी गडद होऊ लागलेली असतात. थोडे दिवस नाव आणि पक्षी एकमेकांस शोभतात. आणि मग तपकिरी डोक्याचे थवे लडाख-तिबेटच्या सरोवरांकडे निघून जातात.