गांवकीचें रान आणि कागदांची साक्ष

माधव गाडगीळ व रामचंद्र गुहा यांचा ‘धिस फिशर्ड लँड’ हा इंग्रजी ग्रंथ इ. स. १९९२ मध्यें प्रसिद्ध झाला. गांवांना आपलें रान राखतां येतें कीं नाहीं, या वादांत त्याचा आधार अद्यापि घेतला जातो. म्हणून त्यांतील पुराव्याची छाननी करणें इतिहासाच्या अभ्यासकांस अगत्याचें आहे.

ग्रंथाचा इंग्रजी अमदानीवरील भाग भक्कम आहे. १८७८ च्या जंगल कायद्यापूर्वीं सरकारी अधिकाऱ्यांतच जो वाद माजला, तो ग्रंथकारांनीं दप्तराच्या आधारें उत्तम उलगडला आहे. रयत रानांतून लांकूडफांटा नेते ती राजाच्या मेहेरबानीनें, हक्कानें नव्हे, असें बेडन-पॉवेल यांचें म्हणणें. मद्रास सरकारास तें मान्य नव्हतें. सरकारी रानांबरोबर गांवांचींही रानें असावींत, असा ब्रँडिस यांचा मध्यम मार्ग होता. सरशी झाली ती बहुतांशीं बेडन-पॉवेल यांची. ‘ग्रामवन’ हें प्रकरण कायद्यांत राहिलें खरें, पण तें अमलांत क्वचितच आलें.

मात्र त्यापूर्वींच्या काळाकडे वळतांच पुराव्याची जात बदलते. जातिव्यवस्थेमुळें प्रत्येक जातीस निसर्गांतील ठराविक वांटा मिळे व म्हणून ती तो जपून वापरी, असा ग्रंथकारांचा सिद्धांत आहे. आधार काय, तर नंदीवाले, वैदू व फासेपारधी यांच्या शिकारीची विसाव्या शतकांत केलेली पाहणी! ही पाहणी मोलाची आहे. परंतु तिच्यावरून शेंकडों वर्षांमागील व्यवस्था ठरविणें, म्हणजे उन्हाळ्यांतला ओढा पाहून मागच्या पुराचें माप सांगण्यासारखें आहे. शिवाय ज्यास दुसरा धंदा करण्याची मुभाच नाहीं, त्याच्या संयमास विवेक म्हणावें कीं निरुपाय, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे या संबंधांत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा दाखला वारंवार पुढें केला जातो. आरमाराच्या प्रकरणांतील तो उतारा नीट वाचावा. रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावूं नये, कारण तीं झाडें तिनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. जीर्ण झालेलें झाड हवेंच असेल तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें, असा त्याचा आशय आहे. पण त्याच ठिकाणीं राज्यांतील अरण्यांतला साग हुजूरच्या परवानगीनेंच तोडावा, असेंही सांगितलें आहे. म्हणजे येथें एकीकडे सरकारचें अरण्य व दुसरीकडे ज्याचें त्याचें झाड. गांवकीच्या सामाईक रानाविषयीं या उताऱ्यांतून कांहींच निष्पन्न होत नाहीं. उतारा थोर आहे, पण साक्ष दुसऱ्याच गोष्टीची देतो.

सुमित गुहा यांनीं १९९९ मधील आपल्या ग्रंथांत रानांतील लोक राजकारण, लढाया व व्यापार यांपासून कधींच अलिप्त नव्हते, असें दाखविलें. तेव्हांपासून निर्मळ पुराणकाळाचें चित्र फारसें टिकत नाहीं.

यावरून गांवांना रान राखतां येत नाहीं, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गोंडांच्या गांवास २००९ मध्यें सुमारें १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. सर्वांच्या संमतीनें नियम करण्याची संवय त्या ग्रामसभेनें त्यापूर्वींच लावून घेतली होती. तिची योग्यता या नियमांत आहे. त्यांसाठीं सत्ययुगाची साक्ष लागत नाहीं.

परंतु २००६ च्या वनहक्क कायद्यानें इतिहासासच साक्षीस बोलाविलें आहे. आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वनवासींनीं १३ डिसेंबर २००५ पूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षें, रानांत राहून त्यावर उपजीविका केल्याचें दाखवावें लागतें. गॅझेटियर, जमाबंदीचे कागद व वडीलधाऱ्यांच्या लेखी जबान्या पुरावा म्हणून चालतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील धनगरवाड्यांस सिद्धांताचा उपयोग नाहीं, कागदाचा आहे. शिवेच्या तंट्यांचे महजर, कुरणांचे हिशेब आणि देवरायांसंबंधींचीं पत्रें यांच्यासाठीं खासगी दप्तरें कोणी पद्धतशीर चाळलीं असतीं, तर ग्रंथाच्या पूर्वार्धांतील उणीव भरून निघाली असती. हें काम येथील संशोधकांनीं अंगावर घ्यावें. वडीलधाऱ्यांच्या जबान्या तर आजच टिपून ठेवाव्या लागतील.