टीना टर्नर : कहाणी पाठ, गाणं बाकी

24 मे 2023 रोजी टीना टर्नर स्वित्झर्लंडमधल्या क्युस्नाख्तच्या घरी वारली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. मारकुटा नवरा, 1976च्या जुलैत डॅलसच्या हॉटेलातून सुजलेल्या चेहऱ्यानं काढलेला पळ, जवळ 36 सेंट आणि पेट्रोल पंपाचं एक कार्ड, आणि मग आठ वर्षांनी झालेलं दणदणीत पुनरागमन. यातलं काही खोटं नाही. टीनानंच ते आधी मुलाखतींत आणि नंतर 1986च्या ‘आय, टीना’ या आत्मचरित्रात सांगितलं. 1993 साली त्यावर सिनेमा निघाला, 2018 साली लंडनच्या रंगभूमीवर संगीतिका आली. पण ही गोष्ट आता इतकी घट्ट बसली आहे, की टीना गायची कशी हा प्रश्न कुणी विचारतच नाही. सोसलं म्हणून सूर लागला, असं जणू गृहीतच धरलेलं. सोसणाऱ्या बायका जगात काही कमी नाहीत. त्यांतल्या किती जणींनी ‘प्रायव्हेट डान्सर’सारखा अल्बम केला?

माझं म्हणणं एवढंच, की टीनाचा उत्कर्ष ही मुळात एका गायिकेनं चाळिशी ओलांडल्यावर आपली गायकी बदलल्याची हकीकत आहे. आणि ती घडली एका अशा धंद्यात, जिथं तिच्यासारखीला ठेवायचं कुठल्या खणात हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

रॉक म्हणजे लांब केसांच्या गोऱ्या पोरांनी गिटार बडवत करायची गोष्ट, ही समजूत आपल्याकडेही पक्की आहे. पुण्या-मुंबईच्या कॉलेज फेस्टिव्हलांमधले बँड बघा; तिथंही ती दिसते. वस्तुस्थिती अशी, की सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई 1940च्या दशकात चर्चची भक्तिगीतं इलेक्ट्रिक गिटारवर अशी काही वाजवत होती, की पुढच्या रॉक अँड रोलचं बरंचसं सामान त्यात आयतंच मिळतं. एल्व्हिस प्रेस्लीनं 1956 मध्ये गाजवलेलं ‘हाउंड डॉग’ त्याआधी, 1953 मध्ये, बिग मामा थॉर्नटन या दणकट आवाजाच्या बाईनं गाऊन हिट केलं होतं. गाणं पुढे गेलं, बाई मागे राहिली. क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला थार्पची आठवण 2018 मध्ये झाली आणि थॉर्नटनची 2024 मध्ये. दोघीही तोवर केव्हाच्या वारलेल्या होत्या. टीना याच घराण्यातली.

तिचं मूळ नाव अ‍ॅना मे बुलक. जन्म 26 नोव्हेंबर 1939, टेनेसी राज्यात. नटबुश नावाच्या कापसाच्या मुलखातल्या खेड्यात ती वाढली आणि चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागली. पुढे सेंट लुइसला आली, तिथं आइक टर्नरच्या ‘किंग्ज ऑफ रिदम’ या बँडमागे लागून तिनं माइक मिळवला. आइक माणूस म्हणून काय होता ते जगजाहीर आहे. पण संगीतकार म्हणून तो लेचापेचा नव्हता, हेही नोंदवायला हवं. 1951चं ‘रॉकेट 88’, ज्याला बरेच जाणकार पहिल्या रॉक अँड रोल रेकॉर्डींपैकी एक मानतात, ते त्याच्याच बँडचं. 1960 मध्ये ‘अ फूल इन लव्ह’ हे गाणं एका पुरुष गायकासाठी ठरलेलं. तो आला नाही, म्हणून अ‍ॅनाचा आवाज भरला गेला आणि रेकॉर्ड चालली. त्याआधी आइकनं तिचं बारसंही उरकलं. जंगलच्या राणीच्या, शीनाच्या, चित्रकथांवरून त्याला ‘टीना’ सुचलं आणि ते नाव त्यानं स्वतःच्या हक्कात नोंदवून टाकलं. उद्या ही बाई सोडून गेली तर दुसरी कुणी ‘टीना’ म्हणून उभी करता यावी, हा हिशेब. 1978 मध्ये घटस्फोट झाला तेव्हा टीनानं पैसाअडका सोडला आणि हे नाव तेवढं मागून घेतलं. आयुष्यातला सगळ्यात शहाणा व्यवहार तिनं त्या दिवशी केला.

त्या काळातली टीना म्हणजे ओरडणारी टीना. हे मी दूषण म्हणून लिहीत नाही. गळा खरवडून, सूर फाटेपर्यंत ताणून, पण लयीत तसूभरही न ढळता ओरडणं ही काळ्या चर्चमधून आलेली विद्या आहे आणि ती येरागबाळ्याचं काम नाही. 1966 मध्ये निर्माता फिल स्पेक्टर यानं तिला ‘रिव्हर डीप, माउंटन हाय’साठी बोलावलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. आइकनं स्टुडिओपासून लांब राहावं म्हणून स्पेक्टरनं त्याला पैसे मोजले, आणि टीनाला सांगितलं की चाल आहे तशी गा, अलंकार नकोत. ढीगभर वाद्यांची एकावर एक रचलेली ती भिंत आणि तिच्यावर एकटीचा आवाज, अशी ती रेकॉर्ड. इंग्लंडमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोचली, अमेरिकेत 88व्यावर रखडली. तिथल्या काळ्या रेडिओला ती फार गोरी वाटली आणि गोऱ्या रेडिओला फार काळी, असं तेव्हापासून सांगितलं जातं. मला ते पटतं. फक्त एक भर घालतो: त्या रेकॉर्डीत टीनाला पहिल्यांदा कळलं असणार, की आपल्या गळ्यात आरोळीपलीकडेही काही आहे. ते वापरायला पुढची सतरा वर्षं तिला कुणी जागा दिली नाही.

1971चं ‘प्राउड मेरी’ सगळ्यांना माहीत आहे. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं मूळ गाणं मध्यलयीत चालतं. टीना आधी बोलते, मग संथ गाते, मागे आइकचा जाडाभरडा आवाज घुमत राहतो, आणि मग एकदम सगळा बँड द्रुतात सुटतो. विलंबितातून द्रुतात जाण्याची मजा मराठी श्रोत्याला कुणी समजावून सांगायला नको. गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं. त्यामानानं 1973च्या ‘नटबुश सिटी लिमिट्स’बद्दल कमी बोललं जातं, आणि हे गाणं टीनानं स्वतः लिहिलेलं आहे. आपल्या खेड्यातली चर्च, दुकानं, वेगमर्यादा यांची ती कोरडी, जवळजवळ पंचनाम्यासारखी यादी. ना गावाची ओढ, ना गावावर राग. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘फील गुड’ अल्बममधलीही बहुतेक गाणी तिचीच. म्हणजे ही बाई लिहू शकत होती. मग पुढच्या गाजलेल्या अल्बमांतून तिची लेखणी जवळजवळ दिसेनाशी का होते? समीक्षकांनी हा प्रश्न धसास लावायला हवा होता. पुनरागमनाच्या जल्लोषात तो वाहून गेला.

1976 नंतरची वर्षं वाईट गेली. अर्ध्यात मोडलेल्या दौऱ्यांचं कर्ज डोक्यावर होतं. ते फेडायला लास वेगासचे शो, टीव्हीवरची पाहुणी हजेरी, चमकीचे कपडे. 1978 आणि 1979 मध्ये दोन अल्बम निघाले आणि पडले. मग रॉजर डेव्हिस हा तरुण ऑस्ट्रेलियन मॅनेजर भेटला. टीनानं त्याला आपली इच्छा सांगितली होती: रॉक गायिका म्हणून स्टेडियम भरायची. चाळिशी उलटलेली, अमेरिकी कंपन्यांच्या लेखी संपलेली काळी गायिका, आणि मागणी ही! डेव्हिसनं कॅबरेचा थाट उतरवला, बँड आटोपशीर केला.

मदत आली ती अनपेक्षित दिशेनं. इंग्लंडात शेफील्डची काही पोरं सिंथेसायझरवर संगीत करत होती. त्यांच्यातल्या मार्टिन वेअरनं टीनाला गायला बोलावलं. रॉक गायिकेला हवा असतो घाम गाळणारा बँड. इथं होती यंत्रं. पण 1983 अखेरचं ‘लेट्स स्टे टुगेदर’ नीट ऐका. अल ग्रीनचं मूळ गाणं मऊ, लाडिक. टीना सुरुवातीला जवळजवळ ताल नसलेल्या, नुसत्या सुरांच्या पडद्यावर एकटी उभी राहते. खालच्या पट्टीत, शब्द किंचित मागे ओढत. आवाजातला तो खरखरीत दाणा आता ओरडण्याखाली दडत नाही, प्रत्येक स्वर संपताना स्वच्छ ऐकू येतो. ताल येतो तेव्हाही ती झेपावत नाही, थोडी मागेच राहते. जो गळा वीस वर्षं जोरजोरानं ढोल बडवणाऱ्या बँडशी झुंजत होता, त्याला यंत्राच्या थंडपणानं मोकळी जागा मिळाली. विरोधाभास असा, की सिंथेसायझरमुळे टीना अधिक मानवी वाटू लागली.

गाणं इंग्लंडात चाललं तशी कॅपिटॉल कंपनी जागी झाली आणि घाईनं अल्बम मागितला. ‘प्रायव्हेट डान्सर’ काही आठवड्यांत, बहुतेक लंडनमध्ये, वेगवेगळ्या निर्मात्यांकडून करून घेतला गेला आणि मे 1984 मध्ये बाजारात आला. शीर्षकगीत मार्क नॉफ्लरचं, त्यातली गिटार जेफ बेकची. खरं तर हा अल्बम ठिगळं लावलेला आहे. डेव्हिड बोवीच्या ‘1984’चं पुनर्गायन मला आजही फिकं वाटतं. पण ‘व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट’ ऐकताना कळतं, की ठिगळं कशानं सांधली आहेत. हे गाणं टीनाला आधी आवडलं नव्हतं. फारच मिळमिळीत वाटलं होतं. आणि तिनं केलं काय, तर मिळमिळीतपणाशी भांडायचं सोडून दिलं. अंतऱ्यात ती गातच नाही म्हणा ना, बोलते. अनुभव घेऊन बसलेली बाई कोवळ्या प्रेमाला टोला मारते तशी. ध्रुवपदात आवाज थोडा उघडतो, पुढे पट्टी चढते तेव्हा जुन्या टीनाची झलक मिळते, तीही मोजून. ज्या गाण्यानं 44 वर्षांच्या टीनाला अमेरिकेत पहिल्यांदा अव्वल क्रमांकावर नेलं, ते तिनं सगळ्यात कमी जोर लावून गायलेलं आहे.

1985च्या ग्रॅमीत या गाण्याला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ मिळालं. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा पुरस्कार: ‘बेटर बी गुड टू मी’साठी सर्वोत्कृष्ट रॉक गायिका. त्याआधी सलग चार वर्षं तो पॅट बेनेटारकडे होता. मग 1985, 1986, 1987 आणि 1989 असा चार वेळा टीनाकडे आला. जो खण तिला कुणी देत नव्हतं, तो तिनं ताब्यातच घेतला. जानेवारी 1988 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये सुमारे 1 लाख 80 हजार लोक तिला ऐकायला जमले. डेव्हिसला सांगितलेली ती इच्छा.

पुढचं पटकन सांगतो, कारण पुढचं संगीत तितकं मोलाचं नाही. ‘ब्रेक एव्हरी रूल’ आणि ‘फॉरेन अफेअर’ गुळगुळीत आहेत. ‘द बेस्ट’ हे आधी बॉनी टायलरनं गायलेलं गाणं टीनानं स्वतःचं करून टाकलं खरं, पण ते आता खेळाच्या मैदानांचं गाणं झालंय. एका बाबतीत मात्र आपला संबंध पोचतो. 1970च्या दशकापासून टीना बौद्ध मंत्रजप करायची. 2009 पासून स्वित्झर्लंडमध्ये ‘बियॉन्ड’ या उपक्रमात ती निरनिराळ्या धर्मांतल्या गायिकांसोबत प्रार्थना गाऊ लागली. 2014च्या ‘लव्ह विदिन’मध्ये तिच्याबरोबर पुण्याच्या शास्त्रीय गायिका सावनी शेंडे होत्या. ‘सर्वेषां स्वस्तिर्भवतु’ हा शांतिमंत्रही टीनानं ध्वनिमुद्रित केला आहे. उच्चार आपल्या कानाला परके लागतात. खर्जातला तो दाणा मात्र ओळखू येतो.

आज बायकांच्या रॉक गायकीची स्थिती काय? वरवर बरी आहे. 2021च्या ग्रॅमीत रॉक सादरीकरणाच्या विभागात सगळी नामांकनं बायकांना किंवा बाई पुढे उभी असलेल्या बँडांना होती. अलाबामा शेक्स या बँडची गायिका ब्रिटनी हॉवर्ड टीनाचा वारसा उघड बाळगते, आणि वर स्वतःची गाणी स्वतः लिहिते. टीनाच्या उत्तरार्धात जे उणं राहिलं ते तिनं भरून काढलं, म्हणून मला ती आजच्या पिढीत सगळ्यात महत्त्वाची वाटते. पण संस्थांची स्मरणशक्ती अजून कच्ची आहे. हॉल ऑफ फेमनं टीनाला 1991 मध्ये घेतलं ते आइकबरोबर जोडीनं. एकटी टीना आत यायला 2021 उजाडलं, तेव्हा ती 81 वर्षांची होती.

वाचकांना विनंती एकच. सिनेमा पाहिला असेल तर तो काही दिवस बाजूला ठेवा. आधी 1960चं ‘अ फूल इन लव्ह’ लावा, मग ‘रिव्हर डीप’, मग ‘लेट्स स्टे टुगेदर’, याच क्रमानं, शक्यतो हेडफोन लावून. तिन्ही मिळून दहा-बारा मिनिटांचा मामला आहे.